बर्फ तडकतो ते यंत्राला कसं कळतं, आणि कधी कळत नाही

वणी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या विज्ञानाच्या मॅडमनी आठवीच्या मुलांचे तीन प्रश्न माझ्याकडे पाठवले आहेत. शाळेजवळ उघडी कोळसा खाण आहे. दुपारी भोंगा वाजून ब्लास्टिंग झालं की वर्गाची तावदानं थरथरतात, त्यामुळे हादरा म्हणजे काय हे या मुलांना सांगावं लागत नाही. प्रश्न असे आहेत. दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाला भेग पडली की ती भूकंपाच्या यंत्रावर दिसते म्हणतात, ते कसं? वरून उपग्रह फोटो काढतोच आहे, मग एवढ्या थंडीत जाऊन यंत्र पुरायचं कशाला? आणि आपल्या गावात यंत्र लावलं तर तिथला हादरा इथे दिसेल का?

मॅडम, तिसरा प्रश्न विचारणाऱ्या पोराला माझ्याकडून शाबासकी सांगा. त्याच्याकडे शेवटी येतो.

मी बरीच वर्षं बर्फातल्या कंपनांच्या नोंदी वाचण्याचं काम केलं. आता आपल्याच भागात खाणींच्या ब्लास्टिंगची कंपनं मोजतो. दोन्हीकडे हातातलं साधं यंत्र एकच, जिओफोन. मुठीत मावेल एवढी डबी, खाली जमिनीत रोवायचा खिळा, आत चुंबक आणि स्प्रिंगवर टांगलेली तारेची गुंडाळी. जमीन हलली की डबी आणि चुंबक हलतात, गुंडाळी जडत्वामुळे मागे राहते आणि तारेत बारीकशी वीज निर्माण होते. ती वीज सेकंदाला शेकडो वेळा मोजून साठवायची, प्रत्येक नोंदीवर जीपीएसची अचूक वेळ टाकायची. यंत्राचं काम इथे संपतं. कंपन पकडणं सोपं आहे. ते बर्फ तडकल्याचंच आहे हे ठरवताना मात्र कस लागतो, आणि या विषयात सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

आधी बर्फ का तडकतो ते पाहू. अंटार्क्टिकावरचा बर्फ सरासरी दोन किलोमीटर जाड आहे, काही ठिकाणी साडेचार किलोमीटरच्याही वर. एवढ्या वजनाखाली तो स्वतःच्या भारानेच किनाऱ्याकडे सरकत राहतो. खोलवर दाब इतका असतो की बर्फ न तुटता वाकतो, वाहतो. वरचे वीस-तीस मीटर मात्र ठिसूळ असतात. खालचा भाग वेगाने निघाला आणि वरच्याला तेवढं ताणता आलं नाही की तो फाटतो. किनाऱ्यावर पोचलेला बर्फ पाण्यावर तरंगू लागतो. या तरंगत्या जाड पट्ट्याला आइस शेल्फ म्हणतात, आणि तिथल्या भेगा वरपासून खालपर्यंत आरपार जाऊ शकतात. भेग अचानक उघडली की साठलेला ताण एका क्षणात सुटतो. त्यातला काही भाग तरंगांच्या रूपाने बर्फातून धावत निघतो. खडकातल्या भूकंपात घडतं तेच इथे घडतं, फक्त आकार लहान. पृष्ठभागावरच्या रोजच्या भेगांची तीव्रता बहुतेक वेळा शून्याच्याही खाली असते. भूकंपाची तीव्रता शून्याखाली कशी, असं मुलं विचारतील. तीव्रतेची मोजपट्टी घातांकाची आहे, त्यामुळे शून्य म्हणजे काहीच नाही असा तिचा अर्थ होत नाही.

आता एक नोंद जवळून पाहू. संगणकाच्या पडद्यावर वेळेची आडवी रेघ आहे. रेघ शांत चाललेली असते. एका क्षणी ती किंचित थरारते. हा पी तरंग, आवाजासारखा ढकलत येणारा. बर्फातून तो सेकंदाला सुमारे ३.८ किलोमीटर धावतो. त्याच्या मागून जरा मोठा झोका येतो, तो एस तरंग, आडवा हलवणारा, वेग जवळपास निम्मा. शेवटी सगळ्यात मोठी, लांब लोळ घेणारी लाट येते, ती रॅले तरंगाची. ही पृष्ठभागाला धरून चालते. पी आणि एसमध्ये एक दशांश सेकंदाचं अंतर दिसलं तर भेग साधारण ३८० मीटरवर आहे, पाव सेकंदाचं दिसलं तर जवळपास एक किलोमीटरवर. एका यंत्रावरून एवढंच कळतं. तीन-चार यंत्रं ठरावीक अंतरावर पुरलेली असतील तर दिशा आणि जागाही काढता येते.

भेगेची खोलीही याच रेघेतून ओळखता येते. पी तरंग जेमतेम दिसतो आणि रॅले तरंग पडदा भरून टाकतो, अशी नोंद आली की भेग वरवरची समजायची. पी आणि एस दोन्ही टोकदार आणि मागची लोळ जवळजवळ नाहीच, तर हालचाल खोलात झाली, बहुधा बर्फाच्या तळाशी. तिसरी खूण पहिल्या धक्क्याच्या दिशेची. भेग उघडते तेव्हा दोन्ही काठ बाहेर ढकलले जातात, म्हणून भोवतालच्या सगळ्या यंत्रांवर पहिली हालचाल बाहेरच्या बाजूने दिसते. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरले तर काही यंत्रं ढकलल्याचं दाखवतात आणि काही ओढल्याचं. या कामात नव्याने आलेली मुलं सॉफ्टवेअरला घटना मोजायला लावतात आणि आकडा घेऊन धावत येतात, की आज चार हजार तडे गेले. मी विचारतो, पहिली हालचाल पाहिली का? मग गप्प होतात. त्या चार हजारांत वाऱ्याचे झोत किती आणि तडे किती हे तोवर कुणालाच माहीत नसतं.

दुसरा प्रश्न उपग्रहाचा. उपग्रह हवाच. त्याच्याशिवाय एवढा मोठा प्रदेश नजरेखाली राहणार नाही. २०१७ च्या जुलैमध्ये अंटार्क्टिकातल्या लार्सन सी शेल्फपासून सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला, तेव्हा भेगेची वाढ महिनोन्‌महिने उपग्रहानेच दाखवली होती. पण उपग्रह एका जागेवरून पुन्हा जातो तो काही दिवसांनी. आधीच्या फोटोत भेग नव्हती, पुढच्यात आहे. मधल्या वेळात ती तासाभरात फाटली की आठवडाभर हळूहळू सरकली, हे फोटो सांगत नाही. अंधारातून आणि ढगातून पाहणारं रडारही ते सांगत नाही.

पश्चिम अंटार्क्टिकातल्या पाइन आयलंड हिमनदीच्या शेल्फवर मे २०१२ मध्ये साडेदहा किलोमीटर लांबीची भेग पडली. उपग्रहाच्या चित्रांवरून इतकंच कळलं की ती दोन चित्रांच्या मधल्या काळात पडली. संशोधकांनी नंतर जवळच्या भूकंपमापकांच्या जुन्या नोंदी उपसल्या आणि त्यांचा निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ती अख्खी भेग पाच-साडेपाच मिनिटांत फाटली होती. वेग सेकंदाला सुमारे ३५ मीटर, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात.

आकडा ऐकून आपण चकित होतो, पण मला त्यातली उलटी बाजू जास्त रंजक वाटते. ठिसूळ पदार्थात भेग ज्या वेगाने धावू शकते त्याच्या मानाने हा वेग फारच कमी आहे. बर्फात एस तरंग सेकंदाला १.९ किलोमीटर जातो. भेगही त्याच्या बऱ्यापैकी जवळ जाऊ शकली असती. मग तिला कशाने आवरलं? पाण्याने. शेल्फ तरंगता आहे. भेग उघडली की खालून समुद्राचं पाणी आत शिरायला हवं, आणि एवढं पाणी भरायला वेळ लागतो. पाणी जेवढ्या वेगाने आत येईल तेवढ्याच वेगाने भेग पुढे जाते. ही गोष्ट कुठल्याही फोटोत दिसली नसती. ती वेळेच्या नोंदीतून आली, आणि वेळ मोजण्यात भूकंपमापकाचा हात धरणारं दुसरं साधन नाही.

दुसरं उदाहरण पूर्व अंटार्क्टिकातल्या ॲमेरी शेल्फचं. आपलं भारती संशोधन केंद्र ज्या प्रिड्झ उपसागराच्या काठी २०१२ पासून उभं आहे, त्याच उपसागरात हा शेल्फ उतरतो. त्याच्या टोकाला दोन्हीकडून भेगा पडलेला एक मोठा तुकडा होता, संशोधक त्याला ‘हलणारा दात’ म्हणत. या शतकाच्या सुरुवातीला तिथे भेगेच्या टोकाभोवती भूकंपमापक आणि जीपीएस दोन्ही मांडले. दिसलं असं की भेग रोज थोडी-थोडी वाढत नाही. दहा ते चोवीस दिवस ती जवळपास शांत राहते, मग काही तासांच्या झटक्यात बारीक हादऱ्यांचा थवा येतो आणि त्याच वेळी जीपीएसवर काठ एकमेकांपासून दूर गेलेले दिसतात. वारा, भरती-ओहोटी यांच्याशी या झटक्यांचा मेळ बसला नाही. म्हणजे ढकलणारा हात बाहेरचा नव्हता, ताण बर्फाच्या आतच साचत होता. गंमत म्हणजे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिथून हिमनग सुटला तो या दाताचा नव्हे, शेजारच्या भागाचा! आकार दीड हजार चौरस किलोमीटरच्या वर. सगळे ज्याच्यावर नजर ठेवून होते तो दात जागेवरच राहिला.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मुलांना ते पटकन समजेल. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या जमिनीला बैलाचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पाऊस पडला की माती फुगते आणि भेगा मिटतात. बर्फाचं याच्या बरोबर उलटं आहे. कोरडी भेग वीस-तीस मीटर खोल गेली की आजूबाजूच्या बर्फाचा दाब तिला मिटवू पाहतो आणि ती थांबते. पण उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळून ते पाणी भेगेत उतरलं, तर गणित फिरतं. बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलो, पाण्याची १,०००. पाणी जड असल्यामुळे भेगेच्या टोकाशी त्याचा दाब बर्फाच्या दाबाहून जास्त भरतो आणि ते भेग खाली-खाली फाडत नेतं. पाण्याचा पुरवठा तुटला नाही तर ती तळापर्यंत जाते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ग्रीनलंडच्या पश्चिम भागात बर्फावर साठलेलं साडेपाच चौरस किलोमीटरचं एक तळं जुलै २००६ मध्ये दोन तासांच्या आत रिकामं झालं. खाली जवळपास एक किलोमीटर जाड बर्फ होता आणि पाणी तो आरपार चिरून तळाला गेलं. तळ्याकाठी भूकंपमापक आणि जीपीएस आधीच लावून ठेवलेले होते. हादरे वाढले, त्याबरोबर बर्फाची अख्खी लादी मीटरभर वर उचलली गेली, बाजूला सरकली आणि पुन्हा खाली बसली. अंटार्क्टिकात २००२ मध्ये लार्सन बी शेल्फचा ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग साधारण महिनाभरात तुकडे-तुकडे झाला. त्याआधी त्याच्या पाठीवर वितळलेल्या पाण्याची असंख्य तळी दिसत होती. तिथे आधीपासून यंत्रं पुरलेली असती तर आज आपल्याला पुष्कळ जास्त कळलं असतं.

छोट्या प्रमाणावर पाण्याचा असाच खेळ अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो शेल्फवर २०१६–१७ च्या उन्हाळ्यात टिपला गेला. एक यंत्र कोरड्या जागी, एक वरून गोठलेल्या पण आतून ओल्या, चिखलासारख्या बर्फावर. ओल्या जागेच्या यंत्रावर रोज ठरावीक वेळी, तापमान उतरू लागलं की काही तास हादऱ्यांचा पाऊस पडायचा. कोरड्या जागी जवळजवळ काहीच नाही. वरची पातळ लादी थंडीने आकसते, खाली पाणी असल्याने तिला वाकायला जागा मिळते, आणि ती तडकते. म्हणजे भूकंपमापकाच्या नोंदीवरून बर्फाखाली पाणी आहे की नाही याचाही अंदाज घेता येतो, तोही खोदकाम न करता.

आता घोळाकडे येतो. बर्फातून येणारं प्रत्येक कंपन तडकण्याचं नसतं.

पश्चिम अंटार्क्टिकात व्हिलन्स नावाचा हिमप्रवाह आहे. तो दिवसातून बहुधा दोनदा, भरती-ओहोटीच्या तालावर, अर्ध्या तासात सुमारे अर्धा मीटर पुढे घसरतो आणि पुन्हा अडकून बसतो. त्यात होणाऱ्या एकूण हालचालीचा हिशेब केला तर तो ७ तीव्रतेच्या भूकंपाएवढा भरतो. पण अर्धा तास पसरलेली हालचाल इतकी सावकाश असते की तिथे उभ्या असलेल्या माणसाला काही जाणवत नाही. इथे काही तडकत नाही. बर्फाचा तळ खालच्या गाळावर आणि खडकावर अडकतो आणि सुटतो.

या अडकण्या-सुटण्याचा पुरावा बघायला अंटार्क्टिकाला जायची गरज नाही. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या काठी, इरई गावाजवळ, चुनखडीच्या खडकावर गुळगुळीत घासलेला पृष्ठभाग आणि त्यावर ओरखडे आहेत. एकोणिसाव्या शतकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी त्यांची नोंद केली. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग आणि अंटार्क्टिका एकाच खंडाचे भाग होते, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होते, आणि इथे बर्फाचा थर होता. तळाशी रुतलेले दगड घेऊन तो खडकावरून घासत गेला. त्याने आणून टाकलेल्या गोट्यांच्या आणि चिखलाच्या थराला तालचीर म्हणतात, आणि वणी-चंद्रपूरच्या कोळशाचे थर त्याच्याही वरचे. मुलांच्या शाळेशेजारच्या खाणीत खाली-खाली गेलं तर शेवटी बर्फाने आणलेले दगड लागतात. आज आम्ही अंटार्क्टिकात तळाचा हादरा म्हणून ज्या नोंदी बाजूला काढतो, त्यातल्या कितीतरी अशाच ओरखडे पाडणाऱ्या दगडांच्या असतात.

ग्रीनलंडची गोष्ट आणखी वेगळी. २००३ मध्ये काही संशोधकांनी जगभरच्या नोंदींत मुद्दाम संथ, लांब पल्ल्याच्या लाटा शोधल्या तेव्हा ५ च्या आसपास तीव्रतेचे असे भूकंप सापडले जे कुठल्याच यादीत नव्हते. नेहमीची यादी जलद कंपनांवरून बनते आणि यांच्यात जलद कंपनं जवळपास नव्हतीच. बरेचसे ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरून येत होते, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वाढत होते. आधी वाटलं की हिमनदी अचानक घसरते. पुढे निरीक्षणांतून कळलं की हिमनदीच्या तोंडाशी सुटलेला प्रचंड हिमनग पाण्यात कलंडतो, आणि कलंडताना हिमनदीला मागे रेटतो. तो रेटा मिनिटभर टिकतो म्हणून लाट संथ. इथे तडा आधी गेला आणि हादरा नंतरच्या कलंडण्याचा आला. दोन्हींत गल्लत केली तर बर्फ किती बळाने तुटतो याचा अंदाज पार चुकतो.

आणि वारा. वारा सगळ्यांचा बाप. अंटार्क्टिकातल्या रॉस शेल्फवर २०१४ च्या अखेरीपासून दोन वर्षं बरीच यंत्रं पुरलेली होती. वरच्या भुसभुशीत हिमाच्या थरावरून वारा गेला की तो थर एका ठरावीक सुरात कंपन पावतो, आणि हिमाचा थर बदलला किंवा वितळला की सूर बदलतो. वर्तमानपत्रांनी बर्फ गातो म्हणून बातम्या दिल्या. ऐकवलेली ध्वनिफीत शेकडो पटींनी जलद केलेली होती, एरवी माणसाच्या कानाला त्यातलं काही ऐकू येत नाही. उलटी गल्लतही होते. समुद्रातल्या ध्वनिग्राहकांवर १९९७ मध्ये पॅसिफिकात एक अतिप्रचंड आवाज आला होता. त्यावरून खोल पाण्यातल्या अज्ञात प्राण्यापर्यंत कथा रचल्या गेल्या. अमेरिकी सागरी संस्थेने नंतर तो बर्फ फुटल्याचा असल्याचं सांगितलं, तरी सुतावरून स्वर्ग गाठणारे थांबले नाहीत.

यंत्र पुरण्याबद्दल मुलांना उत्सुकता असेल. हिमात कमरेएवढा खड्डा, तळाशी फळी, तिच्यावर यंत्र समतल करून ठेवायचं, वर झाकण आणि पुन्हा हिम. वारा टाळायला पुरणं आवश्यकच. उन्हाळ्यात चोवीस तास ऊन, तेव्हा सौर पट्ट्या भरपूर वीज देतात. हिवाळ्यात महिनोन्‌महिने अंधार, तेव्हा बॅटरीवर चालवायचं, आणि थंडीत बॅटरीचा जीव अर्धा होतो. वर्षभराने परत गेल्यावर वर नवीन हिम साचून जागा सापडत नाही, म्हणून बांबूच्या काठ्या आणि त्यावर झेंडे लावतात. होय, बांबूच. गडचिरोलीच्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. आणि ज्या भागात बर्फ वितळतो तिथे यंत्र हळूहळू कलतं. नोंद सुरूच राहते, पण उभी हालचाल आडवीत मिसळते आणि पुढचं वाचन वाया जातं.

अलीकडे ऑप्टिकल फायबर हे नवं साधन आलं आहे. गावोगावी इंटरनेटसाठी टाकतात तीच काचेची तार. तिच्यात लेझरचे ठोके सोडायचे आणि परत फिरणाऱ्या प्रकाशातला बारीक बदल मोजायचा. तारेचा प्रत्येक काही मीटरचा तुकडा स्वतंत्र जिओफोनसारखा वागतो. ईशान्य ग्रीनलंडमध्ये बर्फात केलेल्या खोल विवरात अशी तार सोडली तेव्हा आत असंख्य बारीक हादरे सापडले, जे वरच्या यंत्रांना कधीच कळले नव्हते. सुमारे ९०० मीटर खोलीवर जुन्या ज्वालामुखीच्या राखेच्या कणांचा थर आहे आणि त्या थराशी हे हादरे अडतात, वर येतच नाहीत. हा निकाल २०२५ चा. वरून शांत दिसणारा बर्फ आत शांत असेलच असं नाही, हे आम्हा सगळ्यांना तेव्हा नव्याने मान्य करावं लागलं.

यातूनच या पद्धतीची मर्यादा कळते, आणि ती मुलांपासून लपवू नये. भूकंपमापकाला फक्त झटका कळतो. भेग अगदी सावकाश, बर्फ ताणत-ताणत वाढली तर तिच्याकडून सांगण्यासारखं कंपन निघतच नाही. म्हणून नोंदीत शांतता आहे याचा अर्थ भेग थांबली असा काढायचा नाही. हादऱ्यांची संख्या वाढली म्हणजे बर्फ तुटायला आला, असंही नाही. यंत्र भेगेच्या जवळ सरकवलं तरी संख्या वाढते, वारा पडला तरी वाढते, कारण लहान हादरे दिसू लागतात. खडकातल्या भूकंपांवर शिकवलेला संगणकाचा कार्यक्रम तसाच बर्फावर लावला तर तो अर्ध्या घटना चुकवतो आणि वाऱ्याला भूकंप ठरवतो. हिमनग नक्की कुठल्या दिवशी सुटेल हे आज कुणीही या नोंदींवरून सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्याकडून उसने पैसे घेऊ नका आणि देऊही नका.

आणि तरंगता शेल्फ तुटला म्हणून समुद्र लगेच वर येत नाही, तो आधीच पाण्यावर आहे. पण त्याच्यामुळे मागच्या जमिनीवरच्या हिमनद्या अडवल्या जातात. तो गेला की त्या वेग घेतात, आणि त्यांचं पाणी मात्र समुद्रात नव्याने भर घालतं. भेगांचा एवढा अभ्यास करायचा तो यासाठी.

आता तिसरा प्रश्न. वणीत यंत्र लावलं तर दिसेल का? रोजच्या तड्यांचं नाव काढू नका. शून्याखालच्या तीव्रतेची जलद कंपनं काही किलोमीटरांतच विरून जातात, आणि अंटार्क्टिकातलं आपलं मैत्री केंद्र इथून अकरा हजार किलोमीटरवर आहे. मोठ्या, संथ घटना मात्र दिसू शकतात. ग्रीनलंडमध्ये हिमनग कलंडला तर त्याच्या लांब लाटा नऊ हजार किलोमीटर पार करून पाऊण तासाच्या आत विदर्भाखालून जातात. मुलांना ४ डिसेंबर २०२४ ची सकाळ आठवत असेल. तेलंगणातल्या मुलुगूजवळ ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत भांडी वाजली. हिमनग कलंडण्याची तीव्रताही त्याच घरातली, पण ती लाट मिनिटभर पसरलेली असल्याने इथे तर सोडाच, ग्रीनलंडमध्येही कुणाच्या चहाच्या कपात तरंग उठत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पूर्व ग्रीनलंडच्या डिकसन फ्योर्डमध्ये, पायथ्याची हिमनदी पातळ झाल्यामुळे, डोंगराचा कडा कोसळला. अरुंद खाडीतलं पाणी इकडून तिकडे हिंदकळू लागलं आणि सुमारे ९२ सेकंदांच्या तालात नऊ दिवस पृथ्वी हलवत राहिलं. जगभरातल्या केंद्रांवर ती नोंद आली, आणि सुरुवातीला कुणालाच कळेना की हे काय आहे.

यासाठी माझ्या पिशवीतला जिओफोन चालत नाही. तो सेकंदाला साडेचार कंपनांच्या खालचं नीट दाखवत नाही. ब्लास्टिंगला तो पुरतो, कारण घरांसाठीचा खाण सुरक्षेचा नियमच सेकंदाला ८ कंपनांखाली जमिनीच्या हलण्याचा वेग जास्तीत जास्त ५ मिलिमीटर प्रतिसेकंद, ८ ते २५ मध्ये १० आणि त्यापुढे १५ असा आहे. हिमनगाची लाट मिनिटाला एक-दोनदा झुलते. तिला ब्रॉडबँड, म्हणजे संथ आणि जलद दोन्ही कंपनं टिपणारा भूकंपमापक लागतो, तोही खडकावर, रस्ता, खाण आणि शेतातल्या मोटरपंपांपासून दूर. काळ्या मातीत ठेवला तर दिवस-रात्रीच्या तापमानानेच कलत राहील.

शाळेत करता येईल असं सांगतो. मोबाइलमधला त्वरणमापक वाचणारं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. भोंगा वाजला की फोन वर्गाच्या फरशीवर सपाट ठेवा, बाकावर नको, आणि नोंद सुरू करा. त्याच जागी मुलांना उड्या मारायला लावा, बाहेरून ट्रक जाऊ द्या, दार आपटा, प्रत्येकाची वेगळी नोंद घ्या. मग फाइलींची नावं झाकून त्यांचे आलेख फळ्यावर काढा आणि मुलांना ओळखायला सांगा, ब्लास्टिंग कोणतं, ट्रक कोणता, आणि कशावरून. लांबच्या खाणीत हलका ब्लास्ट झाला तर फोनला काही कळणार नाही, तीही फाइल त्या ढिगात ठेवा.